123 आणि 124

मी मूळची बडोद्याची, दांडिया बाजारातली. गेली वीसेक वर्षं पोटापाण्यासाठी मुंबईत आहे, पण कोणी विचारलं तर अजून "आम्ही बडोद्याचे" असंच तोंडातून निघतं. या समूहावर गवई, पहिलवान, शाळामास्तर, राजवाड्यातले नोकरदार अशा कितीतरी मंडळींबद्दल वाचलं. आमचे काका यातले कोणीच नव्हते. शेअर दलालाच्या पेढीवर कारकून होते, लग्न केलं नाही, आणि त्यांच्या खोलीत तीन पत्र्याच्या ट्रंका भरून इंद्रजाल कॉमिक्स होती. त्यांच्याबद्दल लिहायचं राहून गेलं होतं. पोस्ट लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

नवीन मुलांना इंद्रजाल म्हणजे काय ते सांगायला हवं. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च 1964 मध्ये ही मालिका सुरू केली. आधी महिन्याला एक, मग पंधरवड्याला, पुढे दर आठवड्याला अंक यायचा. इंग्रजी, हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली अशा बऱ्याच भाषांत निघायचा. 1990 मध्ये बंद पडला. त्यात मँड्रेक होता, फ्लॅश गॉर्डन होता, 1976 पासून आबिद सुरतींचा बहादूर होता, भगवा कुर्ता आणि जीन्सवाला. पण राजा एकच, वेताळ. ली फॉक यांनी तो अमेरिकेत 1936 साली काढला, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, तोंडावर मुखवटा आणि मुखवट्याच्या डोळ्यांत बुबुळं नाहीत, ही पद्धत त्यानेच पाडली. उडता येत नाही, कुठली शक्ती नाही. बापानंतर मुलगा तोच पोशाख चढवतो आणि लोकांना वाटतं की हा चारशे वर्षं मरतच नाही.

आम्ही मुलं गोष्ट वाचायचो. काका चित्र वाचायचे. त्यांच्याकडे एक भिंग होतं, पेढीवरचंच जुनं. ते आम्हाला पानावर ठेवून दाखवायचे, "बघ, जांभळा रंग कुठे आहे सांग." जांभळा नसायचाच. निळे आणि गुलाबी ठिपके शेजारी शेजारी बसलेले असायचे. मग सांगायचे की आतली चित्रं म्हणजे अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतल्या पट्ट्या, त्या आपल्या पानाच्या मापात बसवायला कुठे कापल्यात, कुठे वाढवल्यात. "हा हात बघ कोपरापासून पुढे वेगळ्याच माणसाने काढलाय." एकदा कापलेली जागा दिसायला लागली की ती कायमच दिसते. त्यांच्याकडच्या इंग्रजी अंकांत वेताळाच्या देशाचं नाव डेंकाली होतं. मूळ कथेत ते बंगालशी जुळणारं होतं म्हणून इकडे बदललं, आणि 'सिंग' चाच्यांचं 'सिंगा' केलं, हेही काकांनीच सांगितलं.

मुखपृष्ठं मात्र आपल्याकडे रंगवलेली. सुरुवातीच्या वर्षांतली बहुतेक गोविंद ब्राह्मणिया यांची, बी. गोविंद म्हणून लोक ओळखतात ते. बहादूरची चित्रंही त्यांचीच. काका म्हणायचे, "आतला वेताळ अमेरिकेचा, बाहेरचा आपला." गोविंदांचं जंगल दाट, अंधाराला हिरवट झाक, आणि वेताळाच्या खांद्यावर कुठून तरी उजेड पडलेला. काका सुट्टीच्या दिवशी खडकीतल्या ओटल्यावर पाट मांडीवर घेऊन त्या मुखपृष्ठांच्या नकला काढायचे. पोस्टर कलर, पाण्याची वाटी, आणि एका बंद पडणाऱ्या दुकानातून सत्तरच्या दशकात घाऊक घेतलेला जाड कागद. तो कागद त्यांना जन्मभर पुरला.

चित्रावर सही कधीच करायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "हात माझा, पण चाल दुसऱ्याची. सही कशी करू?"

सहीबद्दल त्यांचं इतकं काटेकोर असण्याचं कारण नोकरीत होतं. तेव्हा शेअर कागदाचे असत. विकणारा सर्टिफिकेट द्यायचा आणि सोबत सही केलेला ट्रान्सफर फॉर्म. तो गठ्ठा कंपनीकडे जायचा, आणि सही जुळली नाही की परत यायचा. त्याला बॅड डिलिव्हरी म्हणत. मग विकणाऱ्याला शोधा, पुन्हा सही घ्या, तोवर भाव कुठल्या कुठे. 1990 मध्ये बडोद्याचं स्वतःचं स्टॉक एक्स्चेंज सुरू झालं तेव्हा काकांची पेढीही जोरात आली. '92 ची तेजी आली नि गेली, नंतर नवीन इश्यूंचं पेव फुटलं. खोटी सर्टिफिकेटंही बाजारात फिरायला लागली. काका ती भिंगाखाली धरायचे. ठिपके फुटलेत का, किनारीची वेलबुट्टी मध्येच जाडी होते का, क्रमांकाचे आकडे एका ओळीत आहेत का. शेठ त्यांना "भिंगवाला" म्हणायचे. 1996 नंतर डिमॅट आलं आणि हळूहळू कागद संपला, तशी काकांची किंमतही पेढीवर संपत गेली. त्यांनी तक्रार केली नाही. म्हणाले, "बरंच झालं, खोटं करणाऱ्याचं एक काम तरी अवघड झालं."

काकांची एक वही होती, लाल कापडी बांधणीची, गुजराती व्यापारी चोपडा ठेवतात तशी. दिवाळीला पेढीवर चोपडा पूजन व्हायचं तेव्हा हे आपली वही पण हळूच तिथे ठेवायचे. त्यात प्रत्येक अंकाची नोंद. क्रमांक, गोष्टीचं नाव, कुठे मिळाला, किती पैसे, अवस्था कशी. मराठी अंक मिळाला तर मराठी, नाही मिळाला तर इंग्रजी. रावपुऱ्यातला पस्तीवाला, स्टेशनवरचा बुकस्टॉल, कुणाच्या घरची साफसफाई, सगळं लिहिलेलं. बऱ्याच जागा रिकाम्या होत्या, पण त्यातल्या दोन शेजारशेजारच्या ओळी त्यांना फार खुपायच्या. 123 आणि 124. सगळ्यांना विचारून झालं होतं. मुंबईला कोणी जाणार असलं की फोर्टातल्या फुटपाथवर बघायला सांगायचे. मी नोकरीसाठी मुंबईला निघाले तेव्हा आईने लोणच्याची बरणी दिली आणि काकांनी चिठ्ठी. चिठ्ठीवर हे दोनच आकडे.

मी अ‍ॅनालिस्ट झाले. घरी आजही कोणाला नीट कळत नाही मी काय करते. "शेअर विकते का?" "नाही, शेअर घ्यावा की विकावा ते लिहिते." "मग स्वतः घेत का नाहीस?" तर तसं नाही. केमिकल कंपन्या माझ्याकडे, कारण नंदेसरीच्या हवेचा वास घेत मोठी झाले, निदान कारखाना कसा दिसतो ते ठाऊक होतं. निकालांच्या हंगामात पहाटे उठून एक्सेलमध्ये आकडे भरायचे, बाजार उघडायच्या आत टिपण पाठवायचं, दिवसभर कंपन्यांचे कॉन्फरन्स कॉल, संध्याकाळी ग्राहकांचे प्रश्न. विमानतळ, हॉटेल, कारखान्याचं गेट, डोक्यावर पिवळं हेल्मेट. बाई बघून गेटवरचा माणूस "एचआरच्या मॅडम का?" विचारणार, हे ठरलेलं.

एकदा एका कंपनीचे आकडे मला बोचायला लागले. नफा दरवर्षी वाढतोय, पण हातात रोकड येत नाही. येणी विक्रीपेक्षा जोरात वाढतायत. नवीन प्लांटचं काम वर्षानुवर्षं "चालू" म्हणूनच ताळेबंदात बसलेलं. मी सुट्टीला बडोद्याला आले होते, काकांना सहज सांगितलं. त्यांना ताळेबंद कळायचा नाही. पण ऐकून म्हणाले, "म्हणजे सही जुळत नाही म्हण ना."

तेच. मी 'विका' असा रिपोर्ट लिहिला. कंपनीने मला बैठकांना बोलावणं बंद केलं. आमच्याच ऑफिसातले दोन जण माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत, कारण कंपनी मोठी, धंदा जायची भीती. त्यात शेअर पुढे वर्षभर चढतच राहिला आणि रोज सकाळी कोणी ना कोणी मला तो भाव वाचून दाखवायचं. काका फोनवर विचारायचे, "आकडे बदलले का?" नाही. "मग तू कशाला बदलतेस?" दोन वर्षांनी ऑडिटरने राजीनामा दिला तेव्हा भाव एका आठवड्यात निम्म्यावर आला. मला कोणी शाबासकी दिली नाही. आपल्या धंद्यात खरं वेळेआधी बोललं तर ते चुकीचंच धरतात.

आता 123 आणि 124 बद्दल. 2011 मध्ये इंटरनेटवर संग्राहकांनी केलेल्या याद्या माझ्या बघण्यात आल्या. तिथे उत्तर होतं. मालिका 805 क्रमांकापर्यंत गेली, पण अंक 803 च. संपामुळे 123 आणि 124 छापलेच गेले नाहीत. काका ज्यांना चाळीसेक वर्षं शोधत होते ते अंक जगात कुणाकडेच नव्हते.

सांगू की नको असं झालं होतं. गणपतीत घरी गेले तेव्हा सांगितलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही उघडली, त्या दोन ओळींवर "निघाले नाहीत" असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि म्हणाले, "चला, मुंबईच्या फुटपाथवाल्यांवर उगाच चिडत होतो."

दिवाळीला गेले तर पाटावर दोन नवीन चित्रं. जुन्या जाड कागदावर, मुखपृष्ठाच्या मापात. एकात कवटीच्या गुहेच्या तोंडाशी वेताळ आणि त्याचा लांडगा. दुसऱ्यात वादळी समुद्र, चाच्यांचं गलबत, शिडाच्या दोराला लटकलेला वेताळ. कोपऱ्यात आकडे, 123 आणि 124. वरची नावाची पट्टी कोरी. म्हटलं, काका, नाव? "गोष्टच नाही, तर नाव कुठून देणार?" आणि सही अर्थातच नाही.

काका फेब्रुवारी 2020 मध्ये गेले. झोपेतच गेले, पुण्यवान माणूस. मी मार्चच्या मध्याला कागदपत्रांसाठी पुन्हा बडोद्याला आले आणि लॉकडाऊनमध्ये तिथेच अडकले. 23 मार्चला सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंकांनी कोसळला तेव्हा मी काकांच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून घाबरलेल्या ग्राहकांचे फोन घेत होते आणि पायाशी त्या तीन ट्रंका होत्या. दिवसा जगाची किंमत शून्याकडे चाललेली बघायची, रात्री डांबराच्या गोळ्यांच्या वासात अंक मोजायचे. वहीप्रमाणे 512 भरले.

माझा चुलतभाऊ, आम्ही दादा म्हणतो, त्याचं कॉलेजजवळ झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान. कॉलेज बंद, दुकान बंद, भाडं चालू. दोन मुलींच्या फिया. मागायचा त्याचा स्वभाव नाही, आणि मी दिलेले पैसे घेताना त्याची मान खाली जायची, ते मला बघवत नव्हतं. एका रात्री तोच म्हणाला, "तू किंमत काढतेस ना कंपन्यांची? मग याची काढ."

मी म्हटलं, दादा, माझा रिपोर्ट यात चालायचा नाही. सेबीचा नियम आहे, अ‍ॅनालिस्टने ज्या शेअरवर लिहिलं त्यात त्याने रिपोर्टच्या आधी 30 दिवस आणि नंतर 5 दिवस व्यवहार करायचा नाही, आणि स्वतःकडे असेल तर आधी तसं सांगायचं. मी तर निम्मी मालक, आणि मला हे विकायचंच नाहीये. माझ्या आकड्यावर तू विश्वास ठेवू नकोस. तो हसला, बऱ्याच दिवसांनी. मग आम्ही ठरवलं, दोन बाहेरच्या व्यापाऱ्यांना फोटो पाठवायचे, जो भाव येईल तो. आणि मी स्वतः बोली लावायची नाही, कारण बहिणीने भावाकडून घेतलं की भाव कोणालाच पटत नाही, ना घेणाऱ्याला ना देणाऱ्याला.

तसंही माझ्या धंद्यातली हत्यारं इथे चालत नाहीत. कंपनी उद्या पैसे कमावेल, त्यावरून आज किंमत काढता येते. जुनं कॉमिक काहीच कमावत नाही, लाभांश देत नाही. पुढचा माणूस किती देईल, तेवढीच त्याची किंमत. आणि पुढचा माणूस बघतो अवस्था, दुर्मिळता, आणि वस्तू आली कुठून.

दिवाळीच्या आसपास एक व्यापारी मुंबईहून स्वतः आला. तोवर सेन्सेक्स 26 हजारांखालून 43 हजारांच्या वर गेला होता, दादाचं दुकान अजून बंदच होतं. माणूस जाणकार होता, हातमोजे घालून अंक बघत होता. सगळ्या अंकांचे मिळून एक लाख दहा हजार म्हणाला. मग त्याची नजर त्या दोन चित्रांवर गेली. आकडे वाचले, आणि गप्प झाला. त्याला अर्थ बरोबर कळला.

"बेन, आ क्यांथी?"

मी सांगितलं, काकांनी काढलीत. तो चित्र उलटं करून मागची बाजू बघत होता. कागद सत्तरच्या दशकातला. सही नाही. नावाची पट्टी कोरी, म्हणजे काम अर्धवट राहिल्यासारखं. मग दादाकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "मोटाभाई, कोणी काढली हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजू. आम्ही काही खोटं लिहिणार नाही. फक्त लिहू, जुन्या संग्रहातून. घेणारा काय समजायचं ते समजेल. दोन्हीचे दीड लाख."

न छापलेल्या अंकांची मूळ मुखपृष्ठं! कल्पना करा. मूळ चित्रांचं वेड जगात काय थराला गेलंय ते मला नंतर आणखी कळलं. जानेवारी 2022 मध्ये स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाचं एकच मूळ पान, 1984 सालच्या कॉमिकमधलं, माइक झेक यांनी काढलेलं, अमेरिकेत लिलावात 33 लाख 60 हजार डॉलरला गेलं. रुपयांत पंचवीस कोटी होतात. आणि एके काळी ही पानं छापून झाली की रद्दी समजत. मोठमोठ्या चित्रकारांना आपलीच पानं परत मिळवायला भांडावं लागलं. जॅक कर्बीसारख्या माणसाला 1987 मध्ये कुठे त्याच्या हजारो पानांपैकी दोनेक हजार परत मिळाली. म्हणून तर जे उरलं त्याला सोन्याचा भाव, आणि म्हणून कोऱ्या पाठीला एवढी किंमत.

मी काही बोलले नाही. खरं सांगते, मला बोलायचा हक्कच वाटेना. माझा पगार चालू होता. दीड लाख म्हणजे दादाच्या दोन्ही मुलींचं वर्ष आणि दुकानाचं थकलेलं भाडं. कायद्याने बघितलं तर व्यापारी खोटं लिहिणार नव्हता, फक्त खरं लिहिणार नव्हता. असे ताळेबंद मी रोज बघते.

दादा उठला. आत गेला. मला वाटलं वहिनीला विचारायला गेला. आला तो हातात निळं बॉलपेन घेऊन. दोन्ही चित्रं पालथी केली आणि मागे काकांचं पूर्ण नाव, दांडिया बाजार, वडोदरा, दिवाळी 2011, असं लिहिलं. अक्षर दुकानातल्या पावतीवर असतं तसं, तिरकं. व्यापारी नुसता "अरे अरे" करत राहिला. बॉलपेनने जुन्या कागदावर लिहिलेलं निघत नाही.

"आता सही जुळली," दादा म्हणाला. हे वाक्य काका त्यालाही ऐकवत असत, हे मला तोवर माहीत नव्हतं.

व्यापाऱ्याने बाकी अंक घेतले, ठरलेल्या भावात, दहा हजार कमी करून. त्याने का कमी केले ते आम्ही विचारलं नाही. पैसे निम्मे निम्मे करायचे ठरले होते. माझा वाटा मी दोन्ही पुतण्यांच्या नावाने ठेवला, आणि त्याला दादा नाही म्हणू शकला नाही, कारण तो मी त्याला दिला नव्हता. तरी भाडं पूर्ण फिटलं नाही. त्याने दुकान अर्धं केलं, एक गाळा सोडला. ते वर्ष त्याचं वाईटच गेलं, खोटं कशाला सांगू. वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि तिचंही काही चुकलं नव्हतं.

ट्रंका रिकाम्या झाल्या. लाल वही माझ्याकडे आहे. दोन्ही चित्रं दादाच्या अर्ध्या दुकानात भिंतीवर लावलेली आहेत, काचेच्या चौकटीत, पण चौकट अशी करून घेतलीय की मागचं झाकण उघडतं. झेरॉक्स काढायला येणारी कॉलेजची पोरं विचारतात, "काका, हा कोण?" दादा वेताळाबद्दल सांगत नाही. चौकट काढून उलटी करतो आणि मागचं नाव वाचायला लावतो.

मंडळी, तुमच्या घरी माळ्यावर जुने मराठी इंद्रजाल असतील, किंवा आजोबा-काकांनी काढलेली चित्रं, तर पस्तीत घालू नका. विकायची वेळ आली तर जरूर विका, त्यात कमीपणा काही नाही. फक्त त्याआधी मागे नाव, गाव, साल घाला. पेन्सिलीने नको, पेनने घाला.